ओतीव आणि घडीव : टर्बो इंजिनासाठी पिस्टनची निवड

१

क्रियापदांच्या धातूंना ‘-ईव’ हा प्रत्यय लागून होणाऱ्या विशेषणांचा एक लहानसा वर्ग मराठीत आहे. कोरीव लेणे, आखीव रस्ता, रेखीव अक्षर, ओतीव मूर्ती, घडीव दगड ही त्याची परिचित उदाहरणे होत. वस्तूवर कोणती क्रिया झाली एवढेच ही विशेषणे सांगतात. ती क्रिया कोणत्या द्रव्यावर झाली व कोणत्या हेतूने झाली, ह्यांविषयी ती मौन पाळतात. घडीव दागिना सोन्याचा असो की तांब्याचा, विशेषण तेच राहते. व्यवहारात मात्र अशा शब्दांना हळूहळू गुणवाचक अर्थ चिकटतो. रेखीव म्हणजे नुसते रेखलेले नव्हे, देखणे. आखीव म्हणजे नुसते आखलेले नव्हे, शिस्तीचे. क्रियेचा बोध मागे पडतो आणि प्रशंसा तेवढी पुढे येते.

मोटार-दुरुस्तीच्या व्यवहारात ‘घडीव’ ह्या शब्दाची, अथवा तेथील प्रचलित रूप घ्यावयाचे तर ‘फोर्ज्ड’ ह्या शब्दाची, हीच गत झाली आहे. टर्बोचार्जर असलेले इंजिन खोलून नव्याने बांधण्याचा प्रसंग आला, की ‘फोर्ज्ड पिस्टन टाका’ असा सल्ला सर्वत्र मिळतो. ‘कंपनीचा’ म्हणजे मूळ उत्पादकाचा पिस्टन ओतीव, म्हणून दुबळा. बाजारातला पर्यायी पिस्टन घडीव, म्हणून बळकट, असा हा हिशेब असतो. त्यात सत्यांश आहे. परंतु तो अपुरा आहे, आणि ह्या व्यवहारात अपुरेपणाची किंमत भारी पडते. पिस्टन चुकला तर पिस्टनांचा संच तर जातोच, पण पुष्कळदा त्याच्याबरोबर सिलिंडरची भिंतही जाते, आणि मग नवा ब्लॉक शोधण्याची पाळी येते. ‘घडीव’ हे विशेषण निवडीच्या वेळी काय सांगते, काय सांगत नाही, आणि न सांगितलेले कोठून जाणून घ्यावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक विशिष्ट इंजिन डोळ्यांसमोर ठेवणे इष्ट होईल. जपानच्या टोयोटा कंपनीचे २जेझेड-जीटीई हे सहा सिलिंडरांचे, दोन टर्बोचार्जरांचे पेट्रोल इंजिन १९९१ पासून अरिस्टो ह्या मोटारीत आणि १९९३ ते २००२ ह्या काळात सुप्रा ह्या मोटारीत बसविले जात असे. त्याचा ब्लॉक बिडाचा आहे. सिलिंडरचा व्यास ८६ मि.मी. व पिस्टनची धावही ८६ मि.मी.; एकूण आकारमान २,९९७ घन सें.मी.; दाबगुणोत्तर ८.५ : १. हे इंजिन मूळ क्षमतेहून पुष्कळ अधिक शक्तीसाठी पुन्हा बांधण्याची प्रथा जपान, अमेरिका व अन्यत्र इतकी रूढ आहे, की पिस्टनच्या निवडीचे सर्व प्रश्न त्याच्या निमित्ताने उपस्थित होतात.

टर्बोचार्जरचे तत्त्व जुने आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी ह्याने १९०५ साली त्याचे एकस्व घेतले. जळून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवावयाचे व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावयाची, असे हे तत्त्व. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक; इंधन अधिक, म्हणून उष्णता व दाब दोन्ही अधिक. ह्या दोहोंचा पहिला आघात पिस्टनच्या माथ्यावर होतो.

तो आघात किती मोठा असतो? ८६ मि.मी. व्यासाच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८ चौ. सें.मी. भरते. ज्वलनाच्या क्षणी १०० बार दाब उत्पन्न झाला असे धरले, तर माथ्यावर सुमारे ५.९ टनांचा भार येतो. इंजिन मिनिटाला ६,८०० फेरे घेत असेल, तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १९.५ मीटर असतो, आणि प्रत्येक फेऱ्यात त्याला दोनदा पूर्ण थांबून उलट फिरावे लागते. ज्वलनवायूचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सियसच्याही वर जाते. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळते. माथ्यातील उष्णता रिंगांवाटे सिलिंडरच्या भिंतीकडे व खालून उडणाऱ्या तेलाकडे सतत वाहून जाते, म्हणूनच पिस्टन टिकतो. सारांश, त्याच्या ठिकाणी हलकेपणा, तापलेल्या अवस्थेतील बळ, उष्णता वाहून नेण्याची शक्ती आणि मर्यादित प्रसरण हे चार गुण एकत्र हवेत. हे चारही एकाच द्रव्यात पूर्णांशाने सापडत नाहीत. निवडीचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

३

आरंभीच्या मोटारींचे पिस्टन बिडाचे असत. फ्रान्समधील डी.एफ.पी. मोटारींच्या कारखान्यास १९१३ साली डब्ल्यू. ओ. बेंटली ह्यांनी भेट दिली असता, तेथे कागदांवर वजन म्हणून ठेवलेला ॲल्युमिनियमचा एक छोटा पिस्टन त्यांच्या दृष्टीस पडला. त्यावरून त्यांनी आपल्या मोटारींसाठी तसे पिस्टन करवून घेतले, ही कथा मोटारींच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. हलकेपणाचा लाभ उघड होता. परंतु शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते आणि तापल्यावर फार फुगते. म्हणून त्यात इतर मूलद्रव्ये मिसळणे प्राप्त झाले.

त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे सिलिकन. ॲल्युमिनियमात सुमारे साडेबारा टक्के सिलिकन असता त्या मिश्रणाचा वितळणबिंदू नीचतम, म्हणजे ५७७ अंश असतो. असा रस साच्यात चांगला वाहतो, बारीक कोपरे नीट भरतो आणि थंड झाल्यावर कमी फुगणारा, कमी झिजणारा धातू देतो. ओताऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय. सिलिकनचे प्रमाण सोळा ते अठरा टक्क्यांपर्यंत वाढविले, की त्याचे सुटे, कठीण स्फटिक धातूत विखुरलेले राहतात. झीज आणखी घटते, प्रसरणही घटते, मात्र धातू ठिसूळ होतो. अशा पिस्टनांना व्यापारात ‘हायपरयूटेक्टिक’ म्हणतात.

तेव्हा ‘ओतीव’ ह्या शब्दाला चिकटलेला कमीपणाचा अर्थ सर्वस्वी न्याय्य नाही. ओतीव पिस्टन कमी फुगतो, म्हणून सिलिंडरात जवळ बसतो. थंड इंजिनात खडखडत नाही, तेल कमी जाळतो आणि दीर्घकाळ टिकतो. उत्पादक तो निवडतो ह्याचे कारण निव्वळ काटकसर नव्हे. नेमलेल्या दाबात चालणाऱ्या इंजिनाला तो पुरेसा असतो. त्याची उणीव अनियमित आघाताच्या वेळी उघडी पडते : वाकण्यापूर्वीच तो तडकतो.

४

घडीव पिस्टन करताना मिश्रधातूचा तापविलेला घन तुकडा साच्यात ठेवून प्रचंड दाबाने आकारास आणतात. लोहाराचा घण आणि हे दाबयंत्र ह्यांचे तत्त्व एकच. ओतकामात राहू शकणारी सूक्ष्म छिद्रे येथे दाबली जातात, आणि धातूचे कण आकाराच्या ओघाने वळतात. त्यामुळे आघात सोसण्याची व तुटण्यापूर्वी वाकण्याची शक्ती वाढते. येथपर्यंत ‘घडीव’ ह्या विशेषणाने दिलेले आश्वासन खरे आहे.

परंतु कोणता धातू घडविला, हा प्रश्न तसाच उरतो. बाजारातील घडीव पिस्टन मुख्यत्वे दोन मिश्रधातूंचे असतात : ४०३२ आणि २६१८. हे आकडे म्हणजे नुसते अनुक्रमांक नव्हेत. घडणीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंना चार अंकी नावे देण्याची पद्धत अमेरिकेत १९५४ साली रूढ झाली. तीत पहिला अंक प्रमुख मिश्रणद्रव्याचा वाचक असतो : २ म्हणजे तांबे, ४ म्हणजे सिलिकन. ‘घडीव’ हे नाव क्रिया सांगते व द्रव्य लपविते. हा आकडा मात्र द्रव्य सांगतो. म्हणून वेष्टनावरील ठळक शब्दापेक्षा आतील कागदावरचा बारीक आकडा खरेदीदाराने आधी वाचावा.

४०३२ मध्ये सुमारे बारा टक्के सिलिकन असते. वृत्तीने तो ओतीव पिस्टनच्या धातूचाच घडीव भाऊबंद होय. २६१८ मध्ये सिलिकन जवळजवळ नाही. सुमारे सव्वादोन टक्के तांबे, दीड टक्क्यावर मॅग्नेशियम आणि प्रत्येकी सुमारे एक टक्का लोह व निकेल असते. त्याचे कूळ पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, उष्णतेतही बळ टिकविणारे ॲल्युमिनियम शोधताना ‘वाय’ मिश्रधातू सिद्ध झाला. तांबे, निकेल व मॅग्नेशियम ह्यांच्या ह्या मिश्रणातून पुढे रोल्स-रॉइसच्या नावाने ओळखली जाणारी आर.आर. मालिका निघाली. तीतील आर.आर.५८ म्हणजेच स्थूलमानाने आजचा २६१८. १९६९ साली प्रथम उड्डाण केलेल्या काँकॉर्ड विमानाचा बाह्य पत्रा ह्याच धातूचा होता. ध्वनीच्या दुप्पट वेगाने तापणाऱ्या पत्र्यासाठी जो गुण हवा होता, तोच टर्बो इंजिनाच्या पिस्टनलाही हवा असतो.

५

ह्या दोन धातूंतील भेद व्यवहारात कोठे जाणवतो, हे एका साध्या गणिताने दाखविता येईल. एक अंश तापमान वाढले असता ४०३२ दर मीटरला सुमारे १९.४ मायक्रॉन, तर २६१८ सुमारे २२.३ मायक्रॉन वाढतो. ८६ मि.मी. व्यासाच्या पिस्टनच्या स्कर्टचे, म्हणजे रिंगांखालील घेराचे, तापमान १२० अंशांनी चढले असे धरू. ४०३२ चा पिस्टन ०.२० मि.मी. फुगेल, २६१८ चा ०.२३ मि.मी. फरक केवळ ०.०३ मि.मी.चा, म्हणजे इंचाच्या हिशेबाने एका थाऊच्या किंचित वर. पण पिस्टन व सिलिंडर ह्यांच्यातील सारी फटच मुळी तीन-चार थाऊंची असते! तिचा एवढा हिस्सा निव्वळ धातूच्या भेदाने नाहीसा होतो. बिडाचा सिलिंडर तुलनेने फारच कमी फुगतो, म्हणून तो ह्या कामी फारसा साह्य करीत नाही.

म्हणूनच २६१८ च्या पिस्टनला थंड अवस्थेत अधिक फट द्यावी लागते. अशा पिस्टनांचे इंजिन सकाळी सुरू करताच खडखड ऐकू येते व तापल्यावर ती थांबते. हा बिघाड नसून धातूचा स्वभाव आहे. उलटपक्षी ‘फोर्ज्ड आहे’ एवढ्याच माहितीवर कारागिराने ४०३२ साठी योग्य अशी फट २६१८ ला दिली, तर पूर्ण भाराखाली पिस्टन फुगून भिंतीला घासतो, तेलाचा थर तुटतो आणि पिस्टन धरतो. शब्द एकच, द्रव्ये दोन. आणि त्या संदिग्धतेतून प्रत्यक्ष धातूचे नुकसान होते. भाषेतील अनेकार्थता एरवी एवढी महाग पडत नाही.

द्रव्याची निवड उपयोगावरून ठरते. मोटार मुख्यतः रस्त्यावर चालणार, दररोज थंड अवस्थेत सुरू होणार, टर्बोचा दाब मूळच्यापेक्षा बेताचाच वाढणार, आणि इंजिन पुन्हा लवकर खोलण्याची इच्छा नाही, अशा स्थितीत ४०३२ श्रेयस्कर. त्याची फट लहान, झीज कमी, आवाज कमी. दाब पुष्कळ वाढवावयाचा, मोटार शर्यतीत उतरणार, उष्णता दीर्घकाळ टिकणार, आणि ठराविक काळाने इंजिन तपासले जाणार, तेथे २६१८ योग्य. तो अधिक झिजतो. पण अपघाती आघातात तडकण्याऐवजी वाकतो. त्याच्या वरच्या रिंगेच्या खाचेची झीज रोखण्यासाठी काही उत्पादक तेथे कठीण ॲनोडायझिंग करतात, व स्कर्टवर ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनमयुक्त लेप देतात. हे लेप उपकारक असले, तरी चुकीच्या फटीची भरपाई त्यांनी होत नाही.

६

द्रव्यानंतर आकार. पिस्टनच्या माथ्यावरील खळगा किंवा उंचवटा ज्वलनकक्षाचे आकारमान ठरवितो, आणि त्यावरून दाबगुणोत्तर ठरते. उपरोक्त इंजिनात एका सिलिंडरचे विस्थापन ४९९.६ घन सें.मी. आहे, ८.५ ह्या गुणोत्तरासाठी वर ६६.६ घन सें.मी. जागा उरावी लागते. नव्या पिस्टनचा खळगा मूळच्यापेक्षा ५ घन सें.मी.ने उथळ असेल, तर गुणोत्तर ९.१ होते. सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरने वाढविला व वरची जागा तीच ठेवली, तर ते ८.६ च्या आसपास जाते. हेड-गॅस्केट ०.२ मि.मी.ने जाड घेतली, तर ८.४ च्या किंचित खाली उतरते. हेड घासून सपाट केले असेल, तर जागा पुन्हा कमी होते. ह्यांपैकी प्रत्येक बदल लहान आहे. तथापि त्यांची बेरीज हिशेबाबाहेर राहिली, तर इंजिन त्याच पेट्रोलवर ठोकू लागते. इंजिन ज्या देशात घडले तेथील पेट्रोल आणि ते ज्या गावात चालणार तेथील पेट्रोल एकाच ऑक्टेनचे असेलच असे नाही, हेही ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

आकाराबरोबरच इतर मापेही पाहावी लागतात : गजन पिनचा व्यास व तिच्या भिंतीची जाडी, पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, व्हॉल्व्हसाठी माथ्यावर केलेल्या खोबणींची खोली, वरच्या रिंगेवरील पट्टीची रुंदी, आणि संचातील पिस्टनांच्या वजनांची समानता. वरची पट्टी रुंद असेल तर ती आघात अधिक सोसते. ब्लॉकमध्ये खालून तेल उडविणाऱ्या नळ्या असतील, तर नव्या पिस्टनचा स्कर्ट त्यांना लागत नाही, हे प्रत्यक्ष फिरवून पाहावे.

मापनाविषयी एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. पिस्टन गोल दिसतो, पण तो गोल नसतो. पिनच्या दिशेने तो किंचित अरुंद व माथ्याकडे किंचित निमुळता ठेवलेला असतो, कारण तापल्यावर त्याचे सर्व भाग सारखे फुगत नाहीत. म्हणून उत्पादकाने नेमलेल्या उंचीवर व पिनशी काटकोनातच मायक्रोमीटर लावावा लागतो. भलत्या जागी माप घेतले, तर फट प्रत्यक्षाहून मोठी भासते. त्याचप्रमाणे सिलिंडर वर, मध्ये व खाली, दोन्ही दिशांनी मोजून मगच कोणते ओव्हरसाइज लागेल ते ठरवावे. आणि झीज निघून जाईल एवढाच, म्हणजे शक्य तो लहानात लहान वाढीव आकार घ्यावा. पिस्टन हाती आल्यावर, तो मोजून, त्याच्या मापाने बोअरिंग व होनिंग करावे. आधी बोअर करून मग पिस्टन शोधणे, हा क्रम उलटा होय.

७

इतके करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि क्रमाने पाहता तोच पहिला आहे : जुना पिस्टन का गेला? त्याचे उत्तर बहुधा त्याच्यावरच लिहिलेले असते. रिंगांमधील पट्टी तुटली असेल, तर अकाली स्फोटाच्या, म्हणजे नॉकिंगच्या, ठोक्यांचा संशय घ्यावा. माथ्याची कड वितळली असेल किंवा भोक पडले असेल, तर इंधन कमी पडले अथवा ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटले, असे समजावे. स्कर्टवर उभे ओरखडे असतील, तर तेल किंवा फट कमी पडली. रिंगेची दोन टोके चकचकीत झाली असतील, तर ती एकमेकांवर आदळत होती. टर्बो इंजिनात वरच्या रिंगेच्या टोकांतील फट व्यासाच्या दर मिलिमीटरला सुमारे पाच ते सहा सहस्रांश मिलिमीटर ठेवण्याची रीत आहे. ८६ मि.मी.ला ती ०.४३ मि.मी. किंवा थोडी अधिक होते. उत्पादकाच्या पत्रकात वेगळा आकडा असेल, तर अर्थातच तो प्रमाण मानावा. ही फट लहान ठेवली, तर तापलेली रिंग टोकाला टोक भिडून भिंतीत रुतते व पट्टी उखडते. मग दोष मात्र पिस्टनच्या नावे लिहिला जातो.

घडीव पिस्टन ह्यांपैकी एकही कारण दूर करीत नाही. नॉकिंग चालूच राहिले, तर तो ओतीव पिस्टनपेक्षा अधिक ठोके सोसेल, एवढेच. ठिणगीची वेळ, इंधनाचे प्रमाण व आत येणाऱ्या हवेचे तापमान दुरुस्त केल्यावाचून बसविलेला महाग संच म्हणजे लांबणीवर टाकलेला बिघाड होय. ज्या इंजिनाचा दाब वाढवावयाचा नाही व ज्याचा जुना पिस्टन नुसता वयोमानाने झिजला आहे, त्याला मूळ उत्पादकाचा ओतीव पिस्टनच पुन्हा बसविणे हा पुष्कळदा शहाणपणाचा निर्णय ठरतो.

तात्पर्य, निवडीचा क्रम असा लागतो : प्रथम जुन्या पिस्टनचे मरणकारण, नंतर मोटारीचा उपयोग व टर्बोचा अपेक्षित दाब, त्यावरून द्रव्य, मग सिलिंडरचे माप व ओव्हरसाइज, मग माथ्याचा आकार व दाबगुणोत्तर, आणि शेवटी त्या विशिष्ट पिस्टनच्या पत्रकातील फटींचे आकडे. ‘ओतीव’ की ‘घडीव’, हा प्रश्न ह्या क्रमात द्रव्याबरोबर आपोआप सुटतो. तो पहिला प्रश्न नव्हे. कारागिराला सांगताना ‘फोर्ज्ड पिस्टन’ एवढेच न सांगता ‘२६१८ चा, अमुक मापाचा, अमुक खळग्याचा, अमुक फटीचा पिस्टन’ असे सांगावे. विशेषण एकाची चार झाली तर वाक्य लांबते खरे. पण इंजिन वाचते.